रिकाम्या जागेवरचा फोकस

अहो,

तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला भस्म लावलं, गळ्यात हार घातला आणि तुमची मान डावीकडं कलली. भावजींनी सरळ केली, ती पुन्हा कलली. जन्मभर लोकांना "मान सरळ, हनवटी खाली, आता हालायचं न्हाई" असा दम देणारा माणूस, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा असा बसलेला. एवढ्या रडारडीत मला तुमचा राग आला. मी उठले, अभ्र्याची गुंडाळी करून तुमच्या मानेमागं सरकवली, दोन पावलं मागं येऊन नीट बसली का ते बघितलं, आणि मग पुन्हा रडायला बसले.

आपल्या लिंगायतांत मयताला बसवतात, आणि बसवलं की घरची माणसं भोवती गोळा होऊन एक फोटो काढून घेतात. असे फोटो तुम्ही किती काढलेत! मंगळवार पेठेत आपल्यातलं कुणी गेलं की पहिला निरोप जंगमाला आणि दुसरा तुम्हाला. पण तुमचा फोटो कुणी काढायचा हे कुणीच ठरवून ठेवलं नव्हतं. रेणूनं मोबाइल पुढं केला, तसा मी तिचा हात खाली दाबला. लेकीला म्हटलं, तुझ्या बापाचा फोटो असल्या डबीत काढायचा नाही. कपाटातून तुमचा जुना कॅमेरा काढला. आत रोल होता, अर्धवट संपलेला.

"शालन, तू त्येंच्या शेजारी बस की," आत्याबाई म्हणाल्या. "बायकू न्हाई मग फोटू कसला?"

"मी बसले तर काढणार कोण?"

मी स्टुलावर चढले आणि फोटो काढला. तुमच्या डाव्या अंगाला माझी जागा तेवढी मोकळी राहिली.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय. लोक येतात, चहा घेतात, "देवमाणूस होता" म्हणतात. मी मान हलवते. देवमाणूस असाल, पण एका बाबतीत माझ्याशी खरं बोलला नाहीत, हे मी त्यांना कशाला सांगू? कुठली बाब ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पहिल्यांदा युरोपात जाऊन आलात तेव्हापासून आपण तेच एक भांडण भांडत आलो. मधे सणवार झाले, रेणूचं शिक्षण झालं, तुमचं हृदयाचं दुखणं सुरू झालं, भांडण तेवढं तसंच राहिलं. गेल्या आठवड्यापर्यंत मला वाटत होतं, ते आता असंच राहणार.

मी संशयी आहे हे मी कधी नाकारलं नाही. दुधात बोट बुडवून बघते, भाजीवाल्याच्या काट्याकडं बघते, पावण्यानं फार गोड बोलायला सुरुवात केली की ह्याला काय हवंय ते आधी शोधते. तुम्ही म्हणायचात, "पोलिसात जायाची बाई चुकून स्टुडिओत आली." पण माझं कामच तसलं होतं. तुम्ही फोटो काढायचात आणि मी टचिंग करायचे. काचेवर निगेटिव्ह धरायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि कुणाच्या गालावरचा देवीचा वण, कुणाच्या कपाळावरची आठी, कुणाच्या शर्टावरचा तेलाचा डाग बारीक ब्रशनं घालवायचा. वर्षानुवर्षं लोकांचे डाग शोधणाऱ्या बाईला स्वतःच्या नवऱ्याच्या फोटोतली खोट दिसणार नाही असं तुम्हाला वाटलं तरी कसं?

नव्वद साल उलटून गेलं होतं. रेणू तेव्हा हायस्कूलला होती. कारखान्याच्या संचालकांचा युरोपचा अभ्यास दौरा निघाला. तिकडं बिटापासून साखर कशी करतात ते बघायचं होतं म्हणे. आपल्याकडं ऊस असताना बीट कशाला बघायचं, हे मी तेव्हाही विचारलं होतं. चेअरमनसाहेबांचे फोटो अहवालात छापायचे होते, म्हणून बरोबर फोटोग्राफर हवा होता, आणि कारखान्याचं सगळं काम तुमच्याकडं. गळीत हंगाम संपला की दौरे निघतात आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. मे महिन्याच्या ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या, आणि तुम्ही निघालात.

"मला न्हेणार का?" मी विचारलं.

"आदी जागा बघून येतो," तुम्ही म्हणालात.

लग्नाची ऑर्डर असली की तुम्ही आदल्या दिवशी कार्यालय बघून यायचात. खिडक्या कुठं आहेत, उजेड कुठून येतो, नवरानवरी कुठं बसणार. आता युरोपसुद्धा कार्यालयासारखा आधी बघून येणार म्हणे! मला ती शुद्ध टाळाटाळ वाटली. त्यात तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतलेत. जन्म कोल्हापुरी पायताणात गेला, आणि आता खाली नागमोडी नक्षीचा जाड रबरी तळ असलेले बूट घालून घरभर धप धप फिरत होतात. आरशापुढं उभं राहून पाय वर करून बघितलात, ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं. एवढा नटून हा माणूस बीट बघायला चाललाय, हे मला काही पटलं नाही.

जाण्याआधी मात्र तुम्ही मला एक गोष्ट शिकवलीत, ती मी विसरणार नाही. लग्नं मीच काढणार होते. बाई फोटो काढणार म्हटल्यावर दोन पार्ट्यांनी तोंड वाकडं केलं, तर तुम्ही त्यांना सरळ म्हणालात, "माझ्यापरास बारीक नजर हाय तिची. नको असंल तर दुसरा बघा." रात्री जेवण झाल्यावर कॅमेरा माझ्या हातात दिलात. डोळा लावून बघितलं की मधोमध एक गोल दिसतो, त्यात समोरच्या वस्तूची कड तुटल्यासारखी दिसते, भिंग फिरवत न्यायचं, कड जुळली की फोकस बसला. "पण नवरी आल्यावर ह्ये करत बसलीस की खेळ खलास," तुम्ही म्हणालात. "नवरी यायच्या आदी नवरीची जागा धरायची. मोकळ्या पाटावर फोकस लावून ठिवायचा. मग ती आली की नुसतं बटण." त्या मे महिन्यात मी पाटावर, खुर्चीवर, बोहल्यावर आधीच फोकस लावून उभी राहायचे. एकही लग्न वाया गेलं नाही. ह्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही, आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. आता बोलते. माझ्या हातात तो कॅमेरा तुम्ही दिलात म्हणून तुम्ही दुखण्यात पडलात तेव्हा घर चाललं.

परत आलात ते काळवंडून, बारीक होऊन आणि तोंडभर बोलत. संचालक मंडळी बसमधून उतरायला तयार नसत, हॉटेलात कोल्हापूरहून नेलेला चिवडा खात पत्ते खेळत बसत, आणि तुम्ही पहाटे बस सुटायच्या आधी पायी बाहेर पडायचात. शहर असो नाहीतर खेडं. एका गावात नदीवरचा पूल ओलांडला की पावाच्या भट्टीचा वास यायचा. एका शहरात घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या होत्या आणि म्हाताऱ्या बायका खिडकीतून गाद्या झटकत होत्या. एका गावात देवळाची घंटा वाजली की सगळी कबुतरं एकदम उठायची आणि त्यांना त्या घंटेची अजून सवय झाली नव्हती, ह्याचं तुम्हाला फार हसू यायचं. गावांची नावं तुम्हाला एकही धड सांगता यायची नाहीत. नदीचं गाव, घंटेचं गाव, बर्फाचं गाव, अशी तुमची नावं. "बसमदनं गाव दिसत न्हाई शालन, नुसता रस्ता दिसतो. गाव बघायचं तर पायाखाली घ्यावं लागतंय." हे तुम्ही आल्यागेल्याला सांगत होतात. मी ऐकत होते, आणि तुमच्या बॅगेतले कपडे धुवायला काढत होते.

तिथं पहिली ठेच लागली. तुमच्या मोज्यांच्या प्रत्येक जोडीतला एक मोजा तळाला काळाकुट्ट होता आणि दुसरा साफ. दोन्ही बूट पायात असताना एकच मोजा रस्त्यावर चालल्यासारखा मळतो कसा? तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "पाय दुखायचा, बूट काढून चालायचो."

"एकच?"

"एकच दुखायचा."

मोजे साबणात भिजत घातले आणि फोटोंची वाट बघितली.

फोटो आले. पेठ लोटली बघायला. दगडी गल्ल्या, उतरती छपरं, खिडक्यांतली फुलं, धुक्यातला पूल. सगळे "वा वा" करत होते. मी भिंग लावून बसले. पहिली गोष्ट, अहवालासाठीचे फोटो सोडले तर तुमच्या पहाटेच्या एकाही फोटोत माणूस नाही. दुसरी गोष्ट, प्रत्येक फोटोत पुढं मधोमध मोकळी जागा, माणूस उभा राहील एवढी. आणि तिसरी गोष्ट मला चटका लावून गेली. पहाटेचा उजेड कमी, त्यामुळं तुम्ही भिंग सताड उघडं ठेवलेलं, आणि अशा वेळी जिथं फोकस असतो तेवढंच धारदार येतं. तर प्रत्येक फोटोत मागचं देऊळ किंचित पुसट होतं, घरं किंचित पुसट होती, आणि पुढच्या मोकळ्या जागेतले दगड मात्र एक एक मोजून घ्यावेत असे स्वच्छ. ज्या माणसाचा फोकस मांडवातल्या धुरात कधी चुकला नाही, तो युरोपात जाऊन रिकाम्या दगडांवर फोकस लावतो? एका फोटोत नाही, सगळ्या फोटोंत?

तिथं कुणीतरी उभं होतं. त्या माणसावर फोकस लावलात, एक फोटो काढलात, मग त्याला बाजूला व्हायला सांगून दुसरा काढलात, आणि मला दाखवायला हा दुसरा आणलात. माझं गणित असं सुटलं, आणि मला सांगा, ह्यात चूक कुठं होती?

"कोण हुतं तितं?" मी त्या रात्री विचारलं.

तुम्ही फोटोकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत आणि हसलात. तुमचं ते हसणं मला कधी आवडलं नाही. "कोण न्हाई गं. हात हालला आसंल."

"सगळ्याच फोटोत?"

"लई बारीक डोळ्याची हाईस."

दौऱ्याच्या ग्रुप फोटोत एक गाइड बाई होती, आखूड केसांची, तांबड्या कोटातली. मी तिच्यावर बोट ठेवलं. तुम्ही म्हणालात, ती दिवसभर चेअरमनवर डाफरायची, तिला माझ्याकडं बघायला सवड कुठली. म्हणजे सवड असती तर? ह्यावरून आपण आठवडाभर एकमेकांशी रेणूमार्फत बोललो.

आणि तो बर्फाचा फोटो. मे महिन्यात बर्फ, डोंगरातलं कुठलं तरी गाव, अरुंद गल्ली, पांढरी स्वच्छ, कुणाचं पाऊल नाही. आणि मधोमध बर्फात एका बुटाचा ठसा. एकच. त्याच्याकडं येणारी पावलं नाहीत, जाणारी नाहीत. चवडा कॅमेऱ्याकडं. म्हणजे तिथं जे कोणी होतं ते तुमच्याकडं तोंड करून उभं होतं. मी तुमच्यापुढं फोटो आपटला. तुम्ही म्हणालात, "एका पायाची बाई व्हय ती? आभाळातनं पडली?" आणि इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. पुढं तुमच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं तेव्हा तो फोटो मोठा करायचा ठरला. टचिंग अर्थातच माझ्याकडं. कागदावरच्या त्या मोठ्या फोटोतला ठसा बारीक ब्रशनं पांढरा रंग लावून मी पुसून टाकला. घरचं घरात राहावं, गावाला कशाला दाखवायचं! तुम्ही मागं उभे राहून बघत होतात. "ऱ्हाऊ दे की त्यो," एवढंच म्हणालात. मी ऐकलं नाही. प्रदर्शनात एकानं विचारलं, "तिकडं माणसं न्हाईत काय वो?" तुम्ही त्याला म्हणालात, "यायची हाईत अजून." सगळे हसले. मी नाही हसले.

पुन्हा एकदा गेलात, नवं शतक लागल्यावर. पुन्हा तीच मोकळी जागा, तेच स्वच्छ दगड आणि तोच एक काळा मोजा. ह्या वेळी तर गाइड पुरुष होता. माझा संशय आता कुणावर बसवावा हेच मला कळेना, त्यामुळं तो जास्तच वाढला.

मग कॉम्प्युटर आला, रोल धुणाऱ्या लॅब बंद पडत गेल्या आणि स्टुडिओत येणारी जोडपी म्हणायला लागली, आम्हाला मागं स्वित्झर्लंड टाकून द्या. रेणू ते शिकली. एकदा तिनं लाडानं मला बसवून माझा फोटो काढला आणि तुमच्या त्या नदीच्या गावात, मोकळ्या जागेत, मला अलगद उभी केली. चांगलं जमलं होतं. साडीच्या निऱ्यासुद्धा नीट बसल्या होत्या. तिनं हौसेनं तुम्हाला दाखवलं, आणि तुमचा चेहरा बदलला. लेकीवर आवाज चढवलेला मी तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"काढ ते! तितं कुणाला चिकटवायचं न्हाई!"

रेणू रडली. मी स्टुडिओतून उठून घरी आले. त्या जागी तुम्हाला मी चालत नव्हते. मी, म्हणजे तुमची लग्नाची बायको. ज्या कुणासाठी ती जागा राखून ठेवली होती, तिच्यासाठी पोरीला रडवलंत. अहो, त्या दिवशी माझ्या आत काय झालं ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. मला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं माझ्याबरोबर राहतोय, पण ह्याच्या मनात गल्ल्या आहेत आणि त्यातल्या एकाही गल्लीत माझी वाट नाही. त्यानंतर मी विचारणं सोडलं. तुम्हाला वाटलं असेल, भांडण मिटलं.

दरवर्षी तुम्ही म्हणायचात, "औंदा दोघं जाऊ." एका वर्षी स्टुडिओचं भाडं परवडेना, एका वर्षी रेणूची परीक्षा, आणि मग तुमच्या छातीत कळ आली. मग रंकाळ्यापर्यंत चालत जाणंसुद्धा डॉक्टरला विचारून. मी म्हणायचे, "जाऊ की." मनात म्हणायचे, कशाला, ती जागा कुणाची आहे कुणाला ठाऊक.

गेल्या आठवड्यात भूपालअण्णा आले. तेच, बावड्याकडचे, कारखान्याचे जुने संचालक, दोन्ही दौऱ्यांत तुमच्याबरोबर होते ते. आता फार थकलेत, नातवानं गाडीतून धरून आणलं. तुमच्या हार घातलेल्या फोटोपुढं बसले. तो फोटो म्हणजे तुमचा पासपोर्टचा, मीच काढलेला. तुमचा दुसरा धड फोटो ह्या घरात नाही, सगळे तुम्ही काढलेले. मी दूध दिलं. सूर्यास्त व्हायला आला होता, म्हणून त्यांनी घाईनं प्यायलं.

"तिकडं ह्येच बरं हुतं वैनी," ते म्हणाले. "धा वाजेपतोर सूर्य मावळायचाच न्हाई. आमा जैनांस्नी धा वाजेपतोर जेवायला मोकळीक. तरी मल्लू मला पाटंचं उठवून चालवायचाच."

"तुम्ही जायचात त्यांच्याबरोबर?"

"रोज की. बाकीची सगळी झोपल्याली. आमी दोघंच." मग ते हसले. "त्येचं बुटाचं खूळ तुमाला ठावं असंल."

"कसलं बुटाचं?"

"आसं का करताय? तुमालाच तर ठावं पायजे. चांगली जागा घावली की कॅमेरा लावायचा, आन् उजव्या पायातला बूट काढून मधी रस्त्यात ठिवायचा. चवडा कॅमेऱ्याकडं. मग एका मोज्यावर माघारी यायचा, डोळा लावून खुडबूड करायचा, परत जाऊन बूट घालून यायचा आन् मग फोटू. मी म्हटलं, आरं मल्लू, बूट ठिवतूस, बूट काढून घेतूस, मग फोटू काडतूस कशाचा? तर म्हणतो कसा, 'अण्णा, मालकीण उभी ऱ्हायाची जागा हाय ती. औंदा आली न्हाई, म्हणून जागा सोडायची व्हय? नुसत्या दगडावर फोकस बसत न्हाई, कायतरी कड लागती, म्हणून बूट.'"

अण्णांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून ते मोठ्यानं बोलायला लागले.

"त्या बर्फाच्या गावात तर मला कामाला लावला. म्हणाला, बर्फात पाय पडायला नको, मालकीण पैल्यांदा पाय ठिवंल. मी एका घराच्या पायरीवर उभा, छत्रीच्या मुठीत बूट आडकीवला, अलगद ठिवला, अलगद उचलला. तरी ठसा उठलाच. मल्लू म्हणाला, ऱ्हाऊ दे, तिला कळंल."

अण्णा गेले. मी दार लावलं, आणि आधी काय केलं सांगू? विश्वास ठेवला नाही. अण्णा खोटं बोलणारे नव्हेत, पण मयताच्या घरी आलं की खरी माणसंसुद्धा गोड बोलतात. शिवाय पुरुष पुरुषाला सांभाळून घेतो. म्हणून माळ्यावर चढले. तुमचे बूट पिशवीत होते, दोन्ही. बर्फाच्या फोटोची निगेटिव्ह काढली, काचेवर ठेवली, खालचा दिवा लावला, डोळ्याला भिंग लावलं आणि शेजारी तुमचा उजवा बूट उलटा ठेवला. नागमोडी रेघा. निगेटिव्हमध्ये बर्फ काळा दिसतो आणि ठसा उजळ. टाचेकडच्या एका रेघेत रबर तुटलेलं होतं, बुटाच्याही आणि बर्फातल्याही.

अहो, मग माझा संशय खोटा कुठं होता? मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, तिथं एक बाई उभी आहे. फोकस तिच्यावर आहे. ती तुमच्याकडं तोंड करून उभी आहे. सगळं बरोबर होतं. ती मी होते, एवढंच मला ओळखू आलं नाही.

आणि त्याच क्षणी तुमचा असा राग आला की तो बूट मी भिंतीवर फेकला. रेणू धावत आली. अण्णांना सांगितलंत! बीट बघायला गेलेल्या म्हाताऱ्याला सांगितलंत आणि मला नाही! "तिला कळंल" म्हणे. कसं कळणार? नवरीला कधी सांगायचं असतं का की तुझी जागा आधीच धरून ठेवलीय, ती आपली येऊन बसते. पण मला यायला मिळालंच नाही हो. मी लोकांच्या लग्नात मोकळ्या पाटावर फोकस लावून उभी होते आणि तुम्ही तिकडं पहाटे थंडीत एका मोज्यावर. लाजलात का? की मी विचारायची, भांडायची, त्यात तुम्हाला मजा वाटायची? मला वाटतं वाटायची. एवढं हसणं उगाच नसतं. आता खरं काय ते सांगायला तुम्ही नाही, त्यामुळं हा एक नवा संशय मी तुमच्या नावावर ठेवून घेतलाय.

रेणूला सगळं सांगितलं. ती पुन्हा रडली, ह्या वेळी वेगळं. म्हणाली, "आई, आपण दोघी जाऊ. बर्फाच्या गावात उभी राहा तू." अण्णांना फोन लावला, गावाचं नाव काय. अण्णा म्हणाले, "नाव कुनाला ठावं? चढ हुता, एक हौद हुता, आन् कुत्रं माज्या मागं लागल्यालं." एवढ्यावर कुठलं गाव सापडणार! तुम्ही माझ्यासाठी इतक्या गावांत जागा धरून ठेवलीत आणि एकाचंही नाव घरात ठेवलं नाहीत. माझ्यासारख्या बाईनं हे कसं माफ करायचं?

तो बर्फाचा फोटो मी निगेटिव्हवरून पुन्हा करून घेतला, पुण्याच्या एका लॅबकडून. आपल्याकडं आता कुणी करत नाही. पेटीतला ब्रश काढला, पांढरा रंग काढला, सवयीनं ठशावर नेला आणि ठेवून दिला. ठसा तसाच आहे. तुमच्या हाराच्या फोटोशेजारी, डाव्या बाजूला लावलाय. येणारे विचारतात, वैनी, बर्फात ते काय पडलंय? मी सांगते, आमच्या दोघांतलं आहे.

तुमच्या शेवटच्या फोटोचा रोल अजून कॅमेऱ्यातच आहे. त्यातले उरलेले फोटो मी पेठेतल्या लग्नांत संपवणार आहे. मे महिन्याच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्यात. रेणू म्हणते, आई, आता डिजिटलवर काढ. मी म्हणते, हा रोल संपू दे आधी.

त्यामुळं मी इतक्यात येत नाही, सांगून ठेवते. तुम्ही पुढं गेला आहातच, तर जागा बघून ठेवा, तुमच्या सवयीप्रमाणं. पण ह्या खेपेला दोन्ही बूट पायात असू द्यात, आणि गावाचं नाव विचारून ठेवा.